पोटाखालचं अंतर

दाभोळच्या जेट्टीवर मी अकरा वर्षं
गाड्या बोटीत घेतो.
लोक गाडी समोरून बघतात, मी खालून.
कुणाचं पोट जमिनीपासून किती वर
ते मला कंपनीच्या नावाआधी कळतं.

त्या दिवशी अमावास्येची ओहोटी.
पाणी इतकं खाली
की धक्का आणि रॅम्प यांच्यात
कोपरातून दुमडलेल्या हातासारखा कोन.

आधी इक्बाल मुकादमची हॅचबॅक.
वरून घरगुती. आत टर्बो,
कडक स्प्रिंगा, लाल दोऱ्याने शिवलेल्या सीटा.
मागची सीट पाडून सुरमईचे दोन खोके,
गळका बर्फ, एक शिलाई मशीन.
पुढे सासू, मांडीवर कोंबडी.
"शून्य ते शंभर, सात सेकंद," इक्बाल म्हणतो.
आमच्या तालुक्यात सात सेकंदांचा सरळ रस्ता
कुठे आहे, मी विचारत नाही.
सासूसमोर तर नाहीच.
खट्ट झालं, आणि चढली.

तिच्यामागे पिवळी.
दोन दारं, दोन सीटा, टप माझ्या कमरेशी.
मी हात आडवा केला.
"मॅडम, घासेल. भरती येऊ द्या."
"किती वेळ?"
"चार तास."
वाटलं, आता माझ्या मालकाचा नंबर मागतील.
त्यांनी इंजिन बंद केलं, चपला काढल्या,
दोर बांधायच्या खुंटावर बसल्या.
खातू डॉक्टर, गुहागरच्या, दातांच्या.

बोट जात राहिली, येत राहिली.
इक्बाल परत आला, रिकामे खोके खडखडत,
काच खाली करून म्हणाला,
"डॉक्टर, ही गाडी कामाची नाय हो."
"नाहीच," त्या म्हणाल्या,
"कामं संपवूनच बसते मी हिच्यात."

घरचा एक फणस होता, तो दिला.
डिकीत मावेना. डिकी म्हणजे
एक छत्री आणि एक डबा.
शेजारच्या सीटवर ठेवला, तर गाडी टिंग टिंग करत राहिली,
शेवटी फणसाला बेल्ट लावला.

साडेपाचला पाणी चढलं.
धक्का, रॅम्प, बोट एका रेषेत.
पिवळी आत आली. मी ओणवा होऊन बघितलं :
पोट आणि लोखंड यांच्यात दोन बोटं.
इक्बालही आला, चालत, गाडी धक्क्यावर सोडून,
उगाच.

पलीकडे धोपाव्याचा चढ.
ती उतरली, जरा थांबली,
आणि मग तो आवाज
जांभ्याच्या दरडीवर आपटून खाडीवर परत आला,
एस.टी.ची वाट बघणारे उभे राहिले,
खलाशी दोर हातात धरून तसाच.
इक्बाल पुटपुटत होता, एक, दोन, तीन,
चार
वर वळण आलं, गिअर उतरला,
गाडी झाडांत गेली.
आवाज राहिला थोडा, मग तोही नाही.

परतताना तो कठड्याला टेकून गप्प होता.
धक्का जवळ आल्यावर म्हणाला,
घरी कुणी विचारलं तर सांग,
बर्फ आणायला गेला होता.