फोन यंत्राजवळ धर

मेहिकालीत ऑगस्ट म्हणजे
दाराची कडी फडक्याने धरून उघडायची.
दुपारी तीनला अंगणातली मोठी पेटी
नुसतीच घुमायला लागली
आणि खोलीतल्या झरोक्यातून कोमट फुंकर आली,
आजारी माणूस सूप निववतो तशी.

चाबेला कुंपणावरून म्हणाली, गॅस संपला असणार.
या गल्लीत सगळ्याचं निदान गॅस.
तिच्या नवऱ्याच्या गुडघ्याचंसुद्धा.

मी रेमिहिओला फोन लावला.
सरहद्दीपलीकडे, बेकर्सफिल्डला,
लोकांच्या छपरांवर चढून तो हीच यंत्रं उघडतो.
सात वर्षं झाली. यायला तो येईल,
पण मग परत जाता येणार नाही.
पाच तारखेला पैसे येतात,
मागोमाग दोन ओळी: बरा आहे. जेवलो.

"फोन यंत्राजवळ धर," म्हणाला.
धरला.
"अजून जवळ. हं.
कॉम्प्रेसर घुमतोय, पंखा फिरत नाहीये.
लांब काडी आण, जाळीतून पातं ढकल.
बोट घालायचं नाही, आई. बोट नाही."

मांस भाजायची लाकडी काडी आणली.
पातं लटपटलं, अडलं,
मग फिरू लागलं,
पाठीत धक्का दिल्याशिवाय
शाळेची वाट न धरणाऱ्या पोरासारखं.
कोणत्या पोरासारखं, ते मी बोलले नाही.

"कपॅसिटर गेला. आता मेन बंद कर, दोन्ही खटके.
मग झाकणाचे चार स्क्रू.
आत रुपेरी डबा दिसेल, त्याला हात लावू नकोस.
वीज तोडली तरी तो आत धरून ठेवतो."

किती वेळ?

"सांगता येत नाही."

मग आम्ही दोघंही गप्प.
चाबेलाचा कुत्रा तेवढा भुंकला.

रबरी मुठीचा स्क्रूड्रायव्हर
त्याने सांगितला तसाच आडवा टेकवला.
चट्ट!
मी किंचाळले, आणि तो हसला,
नाकातून, बापासारखा.

डब्याचं डोकं फुगलं होतं,
उन्हात विसरलेल्या घेवड्याच्या टिनसारखं.
तारा काढण्याआधी फोटो काढायला लावला:
जांभळी इथे, तपकिरी तिथे, पिवळी मधे.
"लक्षात ठेवायला जाऊ नकोस," म्हणाला,
"आपलं घराणं विसरभोळं."

दोन एउस्ताकिओंच्या दुकानात
मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं:
पंचेचाळीस अधिक पाच, तीन टोकांचा.
मेकॅनिक कोण? त्यांनी विचारलं.
म्हटलं, मीच.
माझ्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत
त्यांनी डबा पुसून काउंटरवर ठेवला
आणि वीस पेसो जास्तच लावले.

सहाच्या सुमाराला खटके वर केले.
पंखा आपला आपण फिरला.
खोलीत गारवा आला तो आधी पायांना कळला.
"झालं," रेमिहिओ म्हणाला. "ठेवतो."
आणि ठेवलाच.
बावन्न मिनिटं, असं फोन म्हणत होता.
मी कुणाला तरी सांगावं म्हणून चाबेलाला सांगितलं,
गॅस नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन.
पाच तारीख नव्हती.
"यंत्र आवाज करतंय का?"
नाही रे, छान चाललंय.
"तरी जवळ धर."

अंगणात गेले, धरला.
बर्फाच्या गोळ्याची गाडी घंटी वाजवत वळली,
चाबेलाच्या पडवीत डोमिनोच्या सोंगट्या आपटत होत्या,
तिचा नवरा हरला, म्हणून गुडघ्याला शिव्या देत होता.
कुत्रा. गल्लीच्या टोकाला
कुणाची तरी मोटारसायकल सुरूच होईना.
माझा हात भरून आला, मी हात बदलला.

ठीक आहे ना? विचारलं.

"थांब," तो म्हणाला.
"अजून थोडं धर. नीट कळत नाहीये."