शेऱ्याचा रकाना

मुरगावच्या धक्क्यावर मी टोपल्या मोजायचो.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली जुडी.
महायुद्ध संपताना मी तिथेच होतो,
आणि दुसरं सुरू झालं तेव्हाही,
ज्याला कुणी युद्ध म्हणेना.

त्रेचाळीसच्या ऑक्टोबरात
दोन परकी जहाजं धक्क्याला लागली.
एकातून अमेरिकन उतरले, एकातून जपानी.
कैद्यांची अदलाबदल. आम्ही तटस्थ, म्हणून आमचं बंदर.
दोन रांगा एकमेकींच्या अंगावरून गेल्या,
कुणी कुणाकडे पाहिलं नाही,
फक्त एक पोरगं मान मागे वळवून
समोरच्या रांगेतल्या बाईची छत्री बघत राहिलं.
मला मोजायला सांगितलं नव्हतं.
मोजले. हाताची सवय.

बोश्त्यांवच्या तावेर्नात भिंतीवर
मुंबईच्या पेपरातलं चित्र होतं, पेजेनं डकवलेलं.
तीन म्हातारे खुर्च्यांवर, तिघे दोस्त.
बोश्त्यांव म्हणायचा, हे आता जग वाटून घेणार,
आमच्या पाय-आजोबांनी माडांची बाग वाटली तशी.
शेजारी कुंपण घातलं की बघा,
नारळ कुठल्या बाजूला पडला त्यावरून सुरू.
आम्ही हसलो. त्या वर्षी उराक फार चांगली उतरली होती.

अठ्ठेचाळीसात आजेंत आला,
एक पेला फुकट प्यायला, उजवीकडच्या म्हाताऱ्यावर
बोट ठेवलं. हा नको.
बोश्त्यांव कागद फाडणाऱ्यातला नव्हे.
त्यानं वर साबणाचं वेष्टण चिकटवलं.
दमट हवेत पेज सुटायची, वेष्टण लोंबायचं,
मिशी पुन्हा बाहेर.

पुढच्या एप्रिलात बारा देशांनी तहावर सह्या केल्या,
त्यात आमचे मालकही.
गश्पार मास्तरांनी पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला :
ही छत्री कर्कवृत्ताच्या वर उघडते.
आपण इथे, खाली.
म्हणजे आपण कोरडे की ओले, मी विचारलं.
मास्तर गोल पुसत राहिले.

मग डिचोलीची लाल माती जपानला निघाली.
कालचा शत्रू आजचं गिऱ्हाईक.
कोरियात लढाई पेटली तसा टनाचा भाव चढला,
बार्जींची रांग जुवारीच्या मुखापर्यंत गेली.
टोपलीची मजुरी तीच राहिली.

एक्कावन्नचा मे. धक्क्याचा दगड अनवाणी पायांना
बसू देत नव्हता.
पिएदादनं डोक्यावरची टोपली उतरवली,
फळीच्या मधोमध, आणि म्हणाली,
उदक जाय.
मागच्या बाईनं उतरवली. मग तिच्या मागची.
चाळीस टोपल्या ओळीनं खाली,
आणि बंदरात एवढी शांतता, की
विंचच्या दोरीतून गळणारं तेल ऐकू यावं.

शेफ माझ्यापाशी आला.
वहीत लिही, म्हणाला. शेऱ्याच्या रकान्यात.
काय लिहू?
कोमुनिश्त.
त्यानं स्पेलिंगही सांगितलं, सावकाश, अक्षरागणिक.
माझं अक्षर वळणदार. मी वळणदार लिहिलं.

बावीस दिवसांनी ती परत आली.
पुढचे दोन दात नव्हते, चाल बदलली होती.
वखारीच्या सावलीत मला गाठून विचारलं,
बाब, कोमुनिश्त म्हळ्यार कितें?
तिच्या आवाजात राग नव्हता. शिव्या चालल्या असत्या.
मी म्हणालो, तिकडे, लांब, बर्फात,
काही लोक आहेत.
बर्फ? ती म्हणाली.
थोडा वेळ तिनं बर्फाचा विचार केला.
मग ओठांवरून जीभ फिरवली आणि गेली.

ती वही माझ्याकडे आहे. कंपनी बुडाली तेव्हा उचलली.
त्या दिवशीच्या पानावर शेवटच्या जुडीत
तीनच रेघा.
जहाज तेवढ्यानं हलकं गेलं असेल.
तिकडे कुणाच्या लक्षात आलं का, माहीत नाही.