पेल्याचा पाय

सालेलकर सरांच्या खिशात रुमालात गुंडाळलेला
वाइनच्या पेल्याचा तुटलेला पाय असतो.
क्लारिनबाईच्या तावेर्नात फुटला होता, नाताळानंतर.
सरांनी पूर्ण पेल्याचे पैसे भरले
आणि तळ तेवढा उचलला.

शेवटची फेरी गेली की दिवाडीच्या धक्क्यावर
ते तो डोळ्याला लावायला देतात.
पलीकडे जुन्या गोव्याच्या काठाला एकच दिवा.
काचेतून पाहिलं तर दिवा नाहीच,
मांडवीच्या काळोखात एक पिवळं कडं,
मध्ये रिकामं.

"सूर्यही असाच," सर म्हणतात,
"जड आहे, म्हणून त्याच्या कडेचा उजेड वाकतो
आणि फार लांब जाऊन एकत्र येतो.
इथून सूर्य जेवढा, त्याच्या साडेपाचशे पट लांब."
पन्नास वर्षं धावलेलं यान
अजून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचलेलं नाही.

तिथे जायचं, आणि वळून
घराकडेच तोंड करून बसायचं.
समोरचा सूर्य झाकायचा,
जसे पागी होडी दिसते का बघताना
कपाळावर आडवा हात धरतात.
मग झाकलेल्याच्या कडेला
कुणाचा तरी समुद्र
कड्यासारखा ताणलेला दिसेल.
तो ठिपका ठिपका वेचून
पुन्हा गोल करायचा. वर्षं लागतील.
एका दुर्बिणीला एकच घर.
दुसरं पाहायचं तर दुसरी पाठवायची.

"आणि तिथून निरोप?"
"तीन दिवस, चार तास."

क्लारिनबाई बाटल्या आत नेत होती.
"तीन दीस म्हणल्यार कितें?
म्हज्या घोवाचें पत्र मोंबासाच्यान
चाळीस दिसांनी पावतालें."
एकदा तर पत्र आलं
त्याच्या तारेनंतर नऊ दिवसांनी.
तार कसली, ते आम्ही विचारलं नाही.

मी बोटभर हललो. कडं तुटलं,
दोन कोयत्या झाल्या, मग नुसता दिवा.
सर म्हणाले, रेषेत राहा.

"आनी तांकां आमी दिसतात?"
क्लारिनबाईनं दारातून विचारलं.
ते त्यांच्या सूर्यामागे जाऊन बसले असतील, तर.

ती थोडा वेळ उभी राहिली.
मग स्टूल ओढलं, वर चढली,
आणि दारावरच्या बल्बवरची
पाकोळ्यांची राख
पदराशिवायच्या झग्यानं, चटका खात,
पुसून काढली.
"बिल म्हाकाच येता," म्हणाली,
आणि बटण बंद न करता झोपायला गेली.