केसखातं

मार्चअखेर पतपेढीत मी दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवते
आणि एक एप्रिलला, घरी,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीआधी
माझ्या केसांचं अंदाजपत्रक मांडते.
विम्याच्या जुन्या डायरीत, शेवटून दुसऱ्या पानावर,
जिथवर घरातलं कुणी पोचत नाही.

रंग, दर पाच आठवड्यांनी.
वर्षाला दहादा; अकरावी वेळ रुमाल बांधून टाळायची.
तीनशे ऐंशी गुणिले दहा.
कापणं चारदा, दीडशेप्रमाणे.
त्यातलं एक आखाजीच्या आधी, नणंदा येतात म्हणून.
कानबाईच्या आठवड्यात पार्लरला गर्दी, दर वीसनं चढतो,
ते वीस मी पेन्सिलीनं लिहिते.
चोपड्याचं बोअरचं पाणी जड, रंग टिकू देत नाही,
सबब घसारा, दहा टक्के.
चार हजार आठशे साठ.
भागिले बारा,
महिन्याला चारशे पाच.

ह्यांच्या तंबाखूचा हिशेब कुणी कधी मांडला नाही.
मीही नाही.
फक्त पाठ आहे मला.

इंदुबाला बारीचं पार्लर पिठाच्या गिरणीला लागून.
आरशावर कायम पिठाची साय.
मी जाते काळी व्हायला
आणि निघेपर्यंत खांद्यांवर ज्वारी बसलेली असते.
"मुळं धवळी व्हई ग्यात व ताई," ती म्हणते,
जणू माझ्या शेतात काहीतरी उगवलंय.

पिग्मीवाला ईश्वरलाल रोज संध्याकाळी
तिच्याकडून पन्नास रुपये नेतो.
सकाळी ते माझ्या काउंटरवर.
एखाद्या नोटेच्या कडेला रंगाचा काळा अंगठा,
कुणाच्या मुळांचा, मला ठाऊक असतं.
मी शिक्का मारते.
तिच्या पासबुकात माझं थोडं डोकं जमा आहे,
सहा टक्क्यांनी वाढतंय.

यंदा श्रावणात टायफॉइड झाला.
ताप उतरला आणि केस निघाले,
पुंजक्यांनी, मोरीच्या जाळीवर,
उशीवर, भाकरीच्या पिठात एकदा.
सप्टेंबर कोरा. ऑक्टोबर कोरा. नोव्हेंबरही.
शिल्लक: बाराशे पंधरा.
चोवीस वर्षं या शब्दावर माझा पगार चाललाय,
त्या रात्री तो फणीत अडकला.

मग थंडी पडली.
गल्लीगल्लीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली,
सगळं गाव धुरकट आणि भुकेलं,
आणि मी स्कार्फ घट्ट बांधून निघाले,
कापायला काही नसताना,
रंगवायला काही नसताना.

इंदुबालानं विचारलं नाही.
शटर अर्धं खाली ओढलं,
गिरणी शेजारी घरघरत होती, त्यात आमचं न बोलणं खपून गेलं.
वाटीत कोमट तेल.
तिचं बोट फिरता फिरता कानामागे थांबलं,
एका जुन्या खोकेवर:
सातवं वर्ष, आखाजीचा झोका, दोरी तुटलेली.
इतकी वर्षं केसांखाली होती,
मलाही आठवत नव्हती.
"लागनं व्हतं का खूप?" तिनं विचारलं,
आणि मला उगाच, आत्ता, लागलं.

"किती झाले?"
हात पुसत ती म्हणाली,
"केस येवू दे. मंग देजो."

घरी डायरी उघडली.
खर्च लिहावा तर पैसे गेले नव्हते.
उधारी म्हणावी तर आकडा नव्हता.
जमा म्हणावं,
तर कुठल्या खात्यात?
टाळू अजून कोमट होती.
माझा एक पैसा आजवर कधी चुकला नाही.
विचार करताना बोट नोव्हेंबरवर टेकलं,
तेल मुरत गेलं कागदात,
आरपार, मागच्या फोन नंबरांपर्यंत.

रात्री ह्यांना गॅसवाल्याचा नंबर हवा होता.
पान उजेडाकडे धरून म्हणाले,
हे तेल कसलं?
म्हटलं, तिळाचं.