पुठ्ठ्यावरचे डाग

ग्युम्री, फेब्रुवारी, उणे एकोणीस.
पहाटे चारला, पावाच्या पाट्या चढवण्याआधी,
मी निवाखालून पुठ्ठा ओढून काढते.
केळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा, कुठल्या कुठून आलेला,
त्यावर काल रात्रीचं तेल.
आधी जर्दाळूएवढं असायचं,
सहा तारखेच्या नाताळानंतर बशीएवढं.
शेजारी पेन्सिलीने तारीख घालते.
वाहान म्हणायचा, लोक भिंतीवर पोरांची उंची लिहितात.

तो आता रोस्तोवला असतो. पैसे पाठवतो, वेळेवर.
फोनवर विचारतो, गळतंय अजून?
मी म्हणते, गाडी ना? हो.

त्सोलाकचं गॅरेज म्हणजे गंजका कंटेनर.
भूकंपानंतर अकरा वर्षं त्याचा संसार त्यातच होता.
खिडकीवर आईच्या पडद्याची तार अजून ताणलेली,
तिच्यावर आता फॅनबेल्ट लोंबतात.
ऑक्टोबरात त्याने क्रँकचं मागचं सील बदललं.
त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो:
दोन दिवस, तीन माणसं,
शिव्यांचा हिशेब कुणी ठेवला नाही.
डिसेंबरात पुन्हा तेच सील, या खेपेला इटलीचं.
सात दिवस पुठ्ठा कोरा.
मी तो शेजारच्या श्मावोनला दाखवलासुद्धा,
पोरीचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा.
आठव्या दिवशी
डाग.

तिसऱ्या वेळी त्सोलाकने पान्याला हात लावला नाही.
स्टुलावर बसून राहिला, सिगारेट न पेटवता.
मग म्हणाला, पीठ आहे का?
मला हसू आलं. मागची सीट काढून मी पाव वाहते,
माझ्या गाडीत पिठाशिवाय आहे काय!
रॉकेलने इंजिन धुतलं, कोरडं पुसलं,
आणि चाळणीने त्यावर पीठ भुरभुरवलं,
पाटावर भाकरी थापण्याआधी भुरभुरवतात तसं.
मग गाडी चालू, जागच्या जागी.
आम्ही दोघं टॉर्च धरून वाकलेलो.

आधी काहीच नाही.
मग पिठात एक काळी रेघ उमटली, सीलपाशी.
मग दुसरी, वरच्या झाकणाच्या कडेला.
मग डिपस्टिकच्या मुळाशी, अगदी बारीक,
मुंगी चालत गेल्यासारखी.
तीन जागा एकाच दिवशी फुटत नसतात, ताई,
तो म्हणाला, भांडी घासायचा हातमोजा आण.

तेल भरायच्या तोंडावर त्याने तो चढवला, पिवळा, रबरी.
हातमोजा फुगला.
एकेक बोट ताठ होत गेलं
आणि पंजा उभा राहिला बॉनेटमध्ये,
उत्तर येत असूनही कुणी न विचारलेल्या पोरासारखा.

श्वास कोंडलाय, त्सोलाक म्हणाला.
ब्रीदरची नळी उपसली तर आत लोण्यासारखा पिवळट चिखल,
बोटभर जाळी पार बुजलेली.
आतली हवा जायची कुठे? वाट मिळेल तिथून तेल ढकलत होती.
सील बिचारं निर्दोष. दोन्ही सीलं.
दुखणं रेड्याला, डाग पखालीला,
आणि पखालीचे पैसे मी दोनदा मोजलेले.

पण जाळी बुजली का?
तर भट्टी ते दुकान, दुकान ते दुकान,
हजारबाराशे मीटर की इंजिन बंद.
गाडी कधी धड तापतच नाही,
आतली वाफ आतच थिजते.
म्हणजे दोष माझ्या फेऱ्यांचा.
हे ऐकायला मी तयार नव्हते.
जाळी पेट्रोलमध्ये बुडवत तो म्हणाला,
आठवड्यातून एकदा तरी लांब ने तिला. काम नसताना.
मजुरी घेतली दोन पाव.

काम नसताना कुठे जायचं असतं, हे आठवायला वेळ लागला.
आता रविवारी आशोत्स्कच्या रस्त्याने जाते,
दोन्हीकडे बर्फ, मध्ये मी आणि नव्वदवर थरथरणारा काटा.
एकदा वाहानचा फोन आला, मी उचलला नाही.
गाडी चालवत होते.

पुठ्ठ्यावर अजून ठिपका पडतो, मसुराएवढा.
त्सोलाक म्हणतो, एवढं चालायचंच,
ज्या निवातून थेंबही गळत नाही
तिच्यात तेलच नसतं.

हातमोजा मी परत आणला.
तीनदा धुतला, वास जात नाही.
भांडी त्यानेच घासते.