न कुठं सांडला

"फळाले संत्रं म्हन्ते, रंगाले नारंगी,
अन् इंग्रजीत दोन्हीले ऑरेंज.
असं काऊन, सर?"
सुकेशनी वानखडे, सातवी ब, तिसरा बाक.
मी म्हणालो, उद्या सांगतो.
आणि वर, सवयीनं: काऊन नाही, का.

रात्री शेंदुरजन्यात वीज नव्हती.
अमरावतीच्या रद्दीतून किलोवर आणलेला शब्दकोश
मोबाइलच्या उजेडात उघडला.
ऑरेंजच्या मागं फ्रेंच उभी होती,
तिच्या मागं इटली,
मग अरबांचं नारंज, इराणातलं नारंग,
मग आपलं संस्कृत,
आणि त्याच्याही मागं, अंधारात,
दक्षिणेकडची कुणी बाई, डोक्यावर पाटी घेऊन,
जिची भाषा कोशकाराला नीट ओळखू आली नाही.
त्यानं 'बहुधा' लिहिलं
आणि दिवा मालवला.

ग चा ज झाला अरबांच्या तोंडी.
पुढं कुठल्याशा बाजारात
'एक' म्हणताना शेवटी न,
फळाच्या सुरुवातीला न,
दोघं खेटून चालले होते,
त्यातला एक सांडला.
वाकून कुणी उचलला नाही.
फ्रान्सात तर, म्हणे, उघड्या पडलेल्या तोंडात सोनं भरलं,
त्यांच्याकडं सोन्याला ओर म्हणतात.
कुठल्या मास्तरानं लाल गोल केला नाही.

आणि संत्रं?
ते उलट्या वाटेनं आलं,
पोर्तुगालातल्या एका गावाचं नाव सांगत.
तिथंही बहुधा.
पाहुणा बागेत राहिला,
घरचा पोरगा रंगपेटीत जाऊन बसला.

टेबलावर वह्या होत्या तपासायच्या.
माझे डोये. केयाचं झाड. काया कुत्रा.
एका पानावर अकरा गोल, सगळे माझे.
हिच्याकडून ळ कधी सांडला,
कुठल्या बाजारात, कुणाशी खेटून चालताना,
त्याचं पान कोशात नव्हतं.
माझाही नव्हताच की.
डी.एड.ला असताना आरशापुढं उभं राहून
जिभेला बांधून आणलेला आहे मी तो.

सकाळी सगळं सांगितलं.
मागच्या बाकावर जांभया. कुणीतरी विचारलं,
परीक्षेत येते का हे?
सुकेशनीची आई पेट्या भरायला जाते,
तिनं दोन संत्री पाठवली होती, आंबिया बहाराची,
एकाला डाग, म्हणून पेटीबाहेर राहिलेली.
पोरीनं तिथंच नख लावलं.
सालीतून बारीक पिचकारी.
"डोयात गेलं, सर!"

हातात खडू होता. वर्ग माझ्याकडं बघत होता.

"कोन्त्या डोयात?"
मी विचारलं.