लेबलं

लोर्काच्या बाहेर, हायवेला लागून आमची शेड.
रात्री दहाला माझं मशीन सुरू होतं.
एका टोकाला बर्फ, दुसऱ्या टोकाला ट्रक,
मधे मी आणि चिकट कागदाची रिळं.
हिरवी डोकी सगळी एकाच रानातली,
वाशिंग्टनने आज पहाटे कापलेली
(वाशिंग्टन एक्वादोरचा आहे; हे नाव का, ते त्याच्या आईला विचारा).
फक्त पत्ते वेगळे.
म्हणून नावं वेगळी.

पोलंडच्या पेट्यांवर ब्रोकुवे.
प्रागला ब्रोकोलित्से, जशी कुणाची नाकी डोळी नीटस भाची.
लिस्बनला ब्रॉकोलुश:
शेवटचा श ओठांवर बोट ठेवल्यासारखा,
जणू पेटीत कुणी निजलंय.
हेलसिंकीला पार्साकाली.

पार्सा म्हणजे शतावरी, काली म्हणजे कोबी.
शतावरी तर नाहीच,
कोबीही लांबच्या नात्यातला.
पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला काहीतरी म्हणावं लागतं ना,
आणि तो आधी घरातलीच नावं चाचपतो.
जर्मनही जुन्या काळी असंच म्हणायचे,
मग त्यांना कंटाळा आला.
आइसलँडवाल्यांना अजून आलेला नाही.

इटलीत एक असलं तर ब्रोक्कोलो, चार असली तर ब्रोक्कोली.
इंग्लंडला जाणारं एकटं डोकंसुद्धा
बहुवचन होऊन बर्फात बसतं.
झिगमास लिथुआनियाला ट्रक नेतो.
म्हणाला, आमच्याकडे एकाला ब्रोकोलिस.
पण एक कोण विकत घेतं, फुएनसांता?
एकट्या माणसाशिवाय?
आणि सही करून गेला.

फेब्रुवारीत पालेर्मोहून फोन आला.
सिन्योर कालोजेरो, आवाज चढलेला:
मी ब्रोक्कोली मागवली, तुम्ही हे काय पाठवलंत?
मी म्हटलं, ब्रोक्कोलीच.
तो म्हणाला, ब्रोक्कोली म्हणजे फ्लॉवर, बाई, हे तर स्पाराचेल्ली!
अठरा पॅलेट. बाराशे किलोमीटर.
वीस मिनिटं आम्ही भांडलो,
दोघांचंही बरोबर होतं.
शेवटी त्याने विचारलं, आजीचं गाव कुठलं तुमचं?
मी सांगितलं.
म्हणाला, मग तुम्हाला कसं कळणार.
पॅलेट मात्र ठेवून घेतली.

वडिलांच्या बोलीत त्याला नावच नव्हतं.
पाचव्या वर्षी कंपनीने रान मागितलं,
टोमॅटो गेले, मिरच्या गेल्या,
आणि ते म्हणायचे: ‘इंग्रजांचं ते’ लावलंय.
इंग्रजांच्या त्याला पाणी देऊन येतो.
इंग्रजांच्या त्याला अळी लागली.
तीस वर्षं पिकवलं,
ताटात एकदाही घेतलं नाही.

मधलं डोकं कापून नेलं
की बुडख्याला बाजूने धुमारे फुटतात,
अंगठ्याएवढे. त्यांना पेटी नाही, वजन नाही.
ते यामना पिशवीत भरते,
लसूण नि जिऱ्यावर परतून
मध्यरात्रीच्या सुट्टीत डबा पुढे करते.
मी विचारलं, तुमच्यात काय म्हणतात?
ती म्हणाली, खा आधी.

मार्चमध्ये भाव पडला.
कालव्यापलीकडचं रान कापलंच नाही कुणी.
रविवारी वडिलांना गाडीतून नेलं,
आता त्यांना चालवत नाही.
बांधापासून बांधापर्यंत पिवळं.
प्रत्येक डोकं उमललेलं,
मधमाश्यांनी गच्च.
इतकी वर्षं आपण कळ्याच खुडत होतो
हे मला ठाऊक होतं, पाहिलं नव्हतं.

ते काच खाली करून बघत राहिले.
मग विचारलं, हे कुणाचं?
मी म्हटलं, आपलंच की.
तसं नाही, ते म्हणाले,
याला काय म्हणतात?

माझ्याकडे सव्वीस रिळं आहेत.
सोमवारी मी सगळी पुन्हा एकदा पाहिली.